चपला घालताना सांगायची गोष्ट

आमच्या घरी ताटं वाढण्याआधी पत्रकांचा गठ्ठा यायचा. बाबा शाळेतून सुटले की नांदुऱ्याच्या छापखान्यात जायचे आणि लूनाच्या मागे सुतळीनं बांधून तो घरी आणायचे. शाई कधीकधी ओलीच असायची. आई आतून ओरडायची, "आधी हात धुवा, मंग पोळीले हात लावा. लोकाइले जागे करता आन घरात काळे ठसे पाडता." मग आम्ही तिघं चटईवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो. बाबांची घडी सरळ, आईची भराभर, माझी वाकडी. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवरच. त्यामुळे गायीवरच्या निबंधात मी "गाय हा उपयुक्त प्राणी आहे" हे लिहिल्यावर लगेच "पण तिच्या चाऱ्याची जबाबदारी कोण घेणार?" असं विचारलं होतं. बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. बाबांनी तो निबंध जपून ठेवला.

हुंडा, दारू, बोगस बियाणं, अंगात येणं, भोंदू बाबा. आमच्या घराचं वर्ष सणांनी जायचं नाही, विषयांनी जायचं. बारावीत असताना बाबांनी पहिल्यांदा एक अख्खं पत्रक मला लिहायला दिलं. विषय होता मनाचे आजार. मी लिहिलं, "वेड हा शाप नाही, आजार आहे. आजाराला औषध असतं." आणि खाली ठळक अक्षरांत, "देव शोधू नका, डॉक्टर शोधा." या ओळीवर मी इतकी खूष होते की वडनेर भोलजीच्या बाजारात ते पत्रक वाटताना प्रत्येकाला ती ओळ बोट ठेवून दाखवत होते.

पुढच्या बाजारी एक माणूस पत्रकाची चौघडी घेऊन बाबांसमोर उभा राहिला. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. बोटांना वार्निशचा वास. म्हणाला, "गुरुजी, वाचलं म्या. डॉक्टर शोधा म्हनता. कुठी शोधू? बांधावर उगवते काय तो?"

नंतर कळलं, तो माणूस स्वतःसाठीच विचारत होता. कित्येक महिने त्याला कामात मन लावता येत नव्हतं, आणि घरचे त्याला एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर दोरे बांधायला नेत होते.

मग बाबांनी डॉक्टर शोधला.

ते बुलढाण्यात एका लहान दवाखान्यात बसायचे. मूळचे देऊळघाटचे. वडील पिंजारी, गाद्या-रजया भरणारे. मुलगा शहरात शिकून मनाचा डॉक्टर झाला आणि जिल्ह्यात परत आला, हेच आम्हाला एखाद्या चळवळीसारखं वाटलं. बाबांनी त्यांना गळ घातली आणि ते दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी आमच्या गावात यायला तयार झाले. राजूर घाट उतरून, मोताळ्यावरून, आपली जुनी पांढरी गाडी घेऊन. बाबांनी विचारलं, एवढं लांब कशाला येता, तर म्हणाले, "गुरुजी, माझ्या अब्बांनी जन्मभर लोकांचा कापूस पिंजला. मी डोकी पिंजतो. धंदा घरचाच आहे."

वाचनालयाची एक रिकामी खोली होती. बाबांनी ती झाडून घेतली, टेबलाला निळं कापड लावलं आणि ते समोरच्या भिंतीशी, कॅलेंडरखाली मांडलं. दार, मग मोकळी जागा, मग रुग्णाचं बाकडं, मग टेबल, मग डॉक्टर. अगदी कचेरीसारखं. डॉक्टर आले, त्यांनी खोलीकडे एकवार पाहिलं, आणि आपली खुर्ची उचलून थेट दाराशी नेऊन ठेवली. जिथं लोक चपला काढतात तिथं.

बाबा म्हणाले, "डॉक्टर, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी होईल."

"होऊ द्या. गुरुजी, आमच्या दुकानात बाई यायची. गादीचं माप सांगायची, कापसाचा भाव विचारायची, पावसाचं बोलायची. सगळं झालं की उठायची. एक पाय चपलेत घालायची आणि म्हणायची, 'हां, एक सांगाचं राह्यलं. एक गादी जास्तीची भरा. पोरगी परत आली सासरहून.' ती आली होती त्याच्यासाठीच. आमच्याकडे खरी गोष्ट चपला घालतानाच सांगतात. मी तिकडे भिंतीशी बसलो तर ती मला ऐकू कशी येणार?"

हे खरंच होतं. वऱ्हाडातला माणूस दुःखाला समोरून कधी भेटत नाही. तो आधी पिकाचं विचारेल, मग तुमच्या तब्येतीचं, मग बसची तक्रार करेल. डॉक्टर हे सगळं ऐकून घ्यायचे. आणि माणूस उठला की सावध व्हायचे. मी दाराबाहेर ओट्यावर बसून आलेल्यांची नावं पुकारायचे, त्यामुळे आतलं ऐकू यायचं नाही. पण दारातलं ऐकू यायचंच. एकदा एक सुस्थितीतला शेतकरी बायकोला घेऊन आला. बायकोचं डोकं दुखतं म्हणून. गोळ्या लिहून झाल्या, दोघं उठले, बाई पुढे निघाली. त्यानं एका पायात चप्पल घातली आणि खाली पाहत म्हणाला, "हां, एक सांगाचं राह्यलं डॉक्टर. विहिरीपासून जातो तं मले कोनी बलावल्यासारखं वाटते."

डॉक्टरांनी फक्त एक शब्द उच्चारला, "बसा."

तो शब्द त्यांनी ज्या रीतीनं म्हटला, तसा मी नंतर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. त्यात घाई नव्हती आणि घाबरणं नव्हतं. तो माणूस एका पायात चप्पल तशीच ठेवून परत बसला. मी पुढचं नाव पुकारायचं थांबले. बाहेरचे लोकही थांबले. आज तो माणूस त्याच विहिरीच्या पाण्यावर केळी करतो.

त्या वर्षांची आठवण काढली की मला पहिल्यांदा आठवतो तो ओटा. बाजार करून आलेले लोक पिशव्या घेऊन बसलेले. एखाद्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावते आहे, एखादीत कोंबडी आहे आणि ती मधूनच बोलते आहे. आई केटलीत चहा आणायची. वाइंडिंगवाला आता औषधानं सावरला होता. नंबर नसला तरी तो येऊन बसायचा आणि नवीन माणसांना धीर द्यायचा. त्याची पद्धत निराळी होती.

"काय बे, पह्यल्यांदाच आला काय?"

"हाव."

"भेवू नको. आत काही नाही करत. मले तं वाटलं होतं, करंटचा शाक देते. मोटारीले मीच देतो शाक, म्हनून मले जास्त भेव."

"मंग काय केलं तुमाले?"

"काय नाही. इचारलं, झोप येते काय. म्या म्हनलं, झोप आली असती तं इथी काऊन आलो असतो?"

ओटा हसायचा. आतून डॉक्टरांचंही हसू ऐकू यायचं. गावोगावच्या बाजारांत भाजी विकणारी एक बाई तिच्या मुलीला घेऊन यायची. मुलगी लग्न मोडून परत आली तेव्हापासून बोलायचीच थांबली होती. तिची आई भाजीच्या टोपलीवर ओलं फडकं टाकून यायची आणि उठताना दर वेळी डॉक्टरांसमोर मिरच्या, नाही तर कोथिंबीर ठेवायची. डॉक्टर म्हणायचे, "मावशी, मी लाच घेत नाही." ती म्हणायची, "लाच कायची? वाळून चालल्या. फेकून देऊ काय?" एके दिवशी ती मुलगीच टोपलीशी बसून तराजू धरताना दिसली. गिऱ्हाइकाशी भांडत होती. "घ्याचं असन तं घ्या, नाही तं हात नका लावू." तिची आई शेजारी पदर डोळ्यांना लावून बसली होती आणि डॉक्टर रस्त्यात गाडी थांबवून ते भांडण ऐकत होते.

हिवाळ्यात काम संपलं की ते आमच्याकडे जेवायचे. आई भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. डॉक्टर भरतावर कांद्याची पात अशी पसरायचे जणू रजईवर खोळ घालत आहेत. खाताना अब्बांच्या गोष्टी सांगायचे. अब्बा पिंजताना तोंडाला फडकं बांधत, तरी त्यांच्या भुवयांवर कापूस बसे, आणि दुकानातून घरी येताना ते म्हाताऱ्यासारखे दिसत. आंघोळ केली की परत तरुण. "मला लहानपणी वाटायचं, माझ्याकडे दोन अब्बा आहेत," ते म्हणायचे. आई हसून त्यांना आणखी वाढायची.

मला वाटतं, आम्ही तेव्हा सुखी होतो. पत्रकात लिहिलेलं एखादं वाक्य डोळ्यांदेखत खरं होताना पाहणं, यापेक्षा मोठं सुख माझ्या घराला माहीत नव्हतं.

टाळेबंदी उठल्यावर गर्दी वाढली. घराघरांत कुणी ना कुणी गेलं होतं, कुणाचं काम गेलं होतं, पोरं मोबाइलमध्ये बुडाली होती. आमच्या गावात मनाचा डॉक्टर बसतो ही बातमी पत्रकाशिवायच पसरली. साखरखेर्ड्याकडून लोक तीन-तीन गाड्या बदलून यायचे. ओटा पुरेना म्हणून आम्ही समोरच्या कडुलिंबाखाली ताडपत्री अंथरली. लोक डॉक्टरांच्या पाया पडू लागले. एकानं नारळ आणून फोडला. डॉक्टर पाय मागे घेत म्हणायचे, "पाया पडू नका. गोळी वेळेवर घ्या." पण लोक ऐकायचे नाहीत. देवमाणूस, असं म्हणायचे. बाबांनाही तो शब्द आवडू लागला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

डॉक्टरांचा मोबाइल नंबर भिंतीवर होता. फोन त्यांना कुठंही यायचे. एकदा जेवताना त्यांनी सांगितलं, अम्मी गेल्या तेव्हा माती देऊन झाल्यावर लोक हात हातात घेऊन सांत्वन करत होते. एका माणसानं हात धरला, दुःख व्यक्त केलं, आणि हात न सोडता म्हणाला, "डॉक्टरसाब, ती दुसरी गोळी घेतल्यापासून मले झोप नाही येऊन राह्यली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. डोस कमी करायला सांगितला."

आम्ही हसलो. तेही हसले. त्या दिवशी त्यांनी भरीत अर्धंच खाल्लं. आई नंतर ताट उचलताना म्हणाली, "भरताले नाही म्हननारा मानूस बरा नसते." आम्ही तिच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. पुढच्या आठवड्याच्या ताडपत्रीचं बघायचं होतं.

त्यानंतर एका बाजारी मी खोली उघडायला गेले. डॉक्टर माझ्या आधी आले होते. त्यांची खुर्ची दाराशी नव्हती. ती भिंतीशी गेली होती, कॅलेंडरखाली, आणि टेबल त्यांच्यापुढे होतं. मी विचारलं, "तिकडं का?"

"इकडं बरं वाटतं," ते म्हणाले.

त्या दिवशी लोक दारात थांबत होते. एका पायात चप्पल घालत होते, मागे वळून पाहत होते. डॉक्टर पुढचा कागद लिहीत असायचे. मग ते दुसऱ्या पायात चप्पल घालून निघून जायचे. मी ओट्यावर बसून पाहत होते. न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी माझ्यासमोरून पिशव्या घेऊन घरी चालल्या होत्या.

पुढं पुढं ते गाडीतून उतरायलाही वेळ लावू लागले. लिंबाखाली गाडी लावून काचा वर करून आत बसून राहायचे. सगळी ताडपत्री त्या गाडीकडे बघत असायची. वाइंडिंगवाला हळूच म्हणाला, "पान्याबिगर मोटार कोरडी चालून राह्यली बाप्पा, जळन." कुणी हसलं नाही. एकदा मी जाऊन काचेवर टकटक केली. त्यांनी काच खाली केली, माझ्याकडे अनोळखी माणसासारखं पाहिलं आणि विचारलं, "किती आहेत?"

"नेहमीसारखेच."

"हं," म्हणाले आणि उतरले.

उन्हाळा लागायच्या आधी त्यांनी बाबांना सांगितलं की आता जमणार नाही. बुलढाण्याचा दवाखानाही ते बंद करणार होते. कुठं जाणार, काय करणार, काही सांगितलं नाही. बाबा घरी येऊन चटईवर बसले. त्यांच्या भोवती कुठलाच गठ्ठा नव्हता, म्हणून ते फार एकटे दिसत होते.

पण आमचं घर हातावर हात ठेवून बसणारं नव्हतं. बाबांनी ठरवलं, डॉक्टरांचा सत्कार करायचा. गावासमोर मान द्यायचा, म्हणजे माणूस आपोआप बांधला जातो. आमच्याकडे असंच चालतं. बदली झालेल्या गुरुजींना, रुसलेल्या कीर्तनकाराला, पडलेल्या उमेदवाराला, सगळ्यांना एकच औषध, शाल आणि श्रीफळ. आईनं मलकापूरहून शाल आणली. चांगली लोकरी, कारण "हलकी दिली तं काय म्हनतीन?" आणि मी पत्रक लिहिलं. आजवरचं सगळ्यात जळजळीत. "डॉक्टर, तुम्ही गेलात तर आम्ही पुन्हा अंधारात जाऊ. आम्ही तुम्हाला जाऊ देणार नाही." मला अजूनही वाटतं, वाक्यं म्हणून ती चांगली होती.

सत्कार बाजाराच्या दिवशी दुपारी त्याच खोलीत झाला. बाहेर ऊन तापलं होतं. डॉक्टरांना लोकरी शाल पांघरली आणि ती अंगावर घेऊनच त्यांनी सगळी भाषणं ऐकली. माजी सरपंच बोलले, दूध डेअरीचे चेअरमन बोलले, ज्यांना कधी झोपेची तक्रार नव्हती तेही बोलले. प्रत्येकानं देवमाणूस म्हटलं. डॉक्टरांच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. शेवटी बाबांनी माझं पत्रक मोठ्यानं वाचलं. टाळ्या इतक्या वाजल्या की बाहेर एक बैल बुजला.

डॉक्टर उत्तराला उभे राहिले. म्हणाले, "तुम्ही खूप प्रेम दिलंत. मी प्रयत्न करतो." आणि बसले. पुन्हा टाळ्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. जिंकलो, असं त्या पाहण्यात होतं.

लोक उठायला लागले. डॉक्टर दाराशी आले. एका हातात नारळ, खांद्यावर शाल. त्यांनी एक पाय चपलेत घातला, दुसरा तसाच ठेवला आणि खाली पाहत म्हणाले,

"हां, एक सांगाचं राह्यलं."

दुसऱ्याचं बोलणं सांगताना ते वऱ्हाडीत बोलायचे, पण स्वतःचं बोलताना नेहमी पुस्तकी मराठी. खोलीतले सगळे जागच्या जागी थांबले. त्या खोलीत असा कुणीच नव्हता ज्यानं हेच वाक्य, त्याच उंबऱ्यावर, एका पायात चप्पल घालून म्हटलं किंवा ऐकलं नव्हतं.

भाजीवाली मावशी सगळ्यात पुढं होती. तिनं रुग्णांचं बाकडं त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "बसा."

ते बसले. नारळ मांडीवर ठेवला.

"मागच्या महिन्यात एक बाई माझ्यासमोर रडून राह्यली होती," ते म्हणाले. "तिचं लेकरू गेलं होतं. ती रडून राह्यली होती आन मी तिच्या मागच्या भिंतीवरची पाल पाहून राह्यलो होतो. मले वाईट नाही वाटलं. मले वाईट नाही वाटलं, याचंबी वाईट नाही वाटलं. मी गोळी बरोबर लिहिली. पन मी तिथी नव्हतोच."

ते नारळाची शेंडी चाचपत राहिले.

"अब्बा पिंजताना फडकं बांधत. तरी कापूस आत जायचाच. शेवटी शेवटी ते बोलायला लागले की खोकायचे. मी म्हणायचो, अब्बा, काम सोडा. ते म्हणायचे, लोकाइच्या गाद्या कोण भरीन? म्या बी तेच म्हनत राह्यलो." त्यांनी घसरणारी शाल सावरली. "तुमी मले देवाच्या जागी बसवलं. पिराले ताप नाही येत. त्याले झोपेची गोळी नाही लागत. मले लागते. मी कवापासून घेऊन राह्यलो."

मावशीची मुलगी, जी कधीकाळी बोलत नव्हती, मागून म्हणाली, "मंग हे कोनाले सांगितलं काऊन नाही?"

"तुमाले सांगून राह्यलो ना आता," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायला त्यांना ती लोकरी शाल सापडली. लोकर टोचली असावी, त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं.

वाइंडिंगवाल्याला शांतता सहन होत नसे. "मंग डॉक्टर, तुमाले गोळी कोन लिहून देते? सोताच लिहिता? आमाले तं तसं करू देत नाही तुमी."

डॉक्टर हसले. कित्येक महिन्यांनी. "अकोल्याले एक दोस्त हाय माझा. त्याच्याकडे जातो."

"जा," मावशी म्हणाली. "उद्याच जा. आमी पाहून घेऊ."

बाबा अजून हातात पत्रक घेऊन उभे होते. त्यांनी ते दुमडलं, सरळ, नेहमीसारखं, आणि खिशात ठेवलं. मग पुढं होऊन त्यांनी डॉक्टरांच्या मांडीवरचा नारळ उचलून घेतला, इतक्या हळुवारपणे की जणू ओझं उतरवत होते. "गाडी चालवाल ना नीट?" त्यांनी विचारलं. "नाही तर मी येतो घाट चढेपर्यंत." आणि खरंच गेले. बुलढाण्यापर्यंत गेले आणि संध्याकाळी एसटीनं परतले.

ती छापलेली पत्रकं वाटली गेली नाहीत. आईनं ती चूल पेटवायला वापरली आणि ओळींची कीव न करता मीच तिला ती आणून दिली. मग मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात देवमाणूस हा शब्द नव्हता. माझ्या घरानं मला शिकवलं होतं की एखाद्याला राबवून घ्यायचं असलं की समाज आधी त्याचे पाय धुतो. आईला माऊली म्हणायचं आणि तिच्या हातातलं काम कमी करायचं नाही. शेतकऱ्याला राजा म्हणायचं. डॉक्टरला देव म्हणायचं. देवाचा पगार, देवाची रजा, देवाच्या जोडीला दुसरा देव, असले प्रश्न कुणी विचारत नाही. मी लिहिलं, "डॉक्टर माणूस आहे. इतक्या गावांची दुःखं एका माणसावर टाकणं हा अन्याय आहे, त्याच्यावर आणि आपल्यावरही. आम्हाला एक देव नको. आम्हाला चार डॉक्टर हवेत, आणि त्या चौघांना रविवार हवा." हे पत्रक बाबांनी एकही शब्द न बदलता छापायला दिलं. आम्ही ते घेऊन तालुक्याला गेलो, जिल्ह्याला गेलो, निवेदनं दिली. अजून देतो आहोत.

पण पत्रकानं पोट भरत नाही, हेही मी लिहिलं पाहिजे. डॉक्टर गेल्यावर तो उन्हाळा वाईट गेला. लोकांना अकोल्याला जावं लागायचं, आणि सगळ्यांना ते जमत नव्हतं. काहींची औषधं सुटली. वाइंडिंगवाल्याचीही सुटली. त्याचं हसणं आधी थांबलं, मग तो दुकान उघडेनासा झाला. बाबा आणि मी त्याला घेऊन अकोल्याला गेलो तेव्हा पूर्ण वाटेत तो एक शब्द बोलला नाही. परत येताना मी रागानं मनात म्हणत होते, डॉक्टर राहिले असते तर. मग मला ती पाल आठवायची, आणि कुणावर रागवावं ते कळायचं नाही. आजही जेव्हा कळत नाही तेव्हा मी पत्रक लिहिते.

आता महिन्यातून एकदा एक तरुण डॉक्टरबाई येतात. त्यांचा फोन नंबर भिंतीवर नाही. ठरलेल्या लोकांनाच तपासतात, त्यानंतर नाही म्हणतात. पहिल्यांदा लोक कुरकुरले. मावशीनं त्यांना गप्प केलं. "तिले बी घर हाय." डॉक्टरबाईंना खुर्ची कुठं ठेवायची हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनी टेबलाशीच बसायला सुरुवात केली. मग एक दिवस मला विचारलं, "हे लोक सगळे दारात जाऊन का थांबतात हो?" मी सांगितलं. पुढच्या वेळी खुर्ची दाराशी होती.

गेल्या हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी, मी वडनेरला पत्रकं वाटत होते. गर्दीत मला आधी पांढरी गाडी दिसली, मग ते दिसले. केस बरेच पांढरे झाले होते, पण खांदे खाली आले होते, सैल, जसे पूर्वी आमच्या घरी जेवायला बसताना असत. आता ते अकोल्यात मित्राच्या दवाखान्यात बसतात, आठवड्यातले मोजके दिवस, असं बाबांकडून कळलं होतं. हातात रिकामी पिशवी होती. मी हाक मारणार होते, पण थांबले. त्यांना मीच एकटीनं पाहिलं नव्हतं. चपलांच्या दुकानापासून भाजीच्या ओळीपर्यंत लोक त्यांना ओळखत होते. केळीवाला शेतकरी ओळखत होता. कुणी हात कपाळाला लावला, कुणी मान हलवली, आणि त्यांना जाऊ दिलं. एक म्हातारा मात्र लगबगीनं निघाला, खिशातून गोळ्यांचं पाकीट काढत. वाइंडिंगवाल्यानं त्याला दंडाला धरून थांबवलं. तो सावरला होता, जाड झाला होता.

"कुठी चालला बे?"

"डॉक्टरले इचारतो ना."

"आज डॉक्टर नाही ते. बाजार करून राह्यले. करू दे."

डॉक्टर मावशीच्या टोपलीसमोर उकिडवे बसले. एकेक भरताचं वांगं उचलून, वजन अंदाजून, देठ दाबून पाहत होते. मुलगी तराजू घेऊन वाट पाहत होती.

"कशे दिले?" त्यांनी विचारलं.

तिनं भाव सांगितला.

"महाग सांगून राह्यली तू."

"घ्याचं असन तं घ्या," ती म्हणाली, "नाही तं हात नका लावू."